बारीक अंग

जामनगर, २ ऑगस्ट २००४

धीरेनभाई,

पत्र बघून तू हसशील. पण आमचा फोन बापुजींच्या उशाशी असतो आणि तुमचा तुझ्या आईच्या, आमच्या रळियातफईच्या, मांडीवर. मला जे विचारायचंय ते दोन्हीकडे बोलता येत नाही. उत्तर घरी पाठवू नकोस. तृप्ती ब्यूटी पार्लर, खंभाळिया नाका, एवढं लिही. तृप्ती माझी मैत्रीण आहे, पत्र फोडणार नाही.

तुझ्या दुकानात रोज कुठलं ना कुठलं वाद्य पोट उघडून पडलेलं असतं, म्हणून तुलाच विचारते. माझं ऑक्टापॅड तुला माहीत आहे. आठ रबरी चौकोन, आत कंपनीने भरलेले आवाज. त्यात ‘ढोल’ म्हणून जो आवाज आहे तो तेलाचा रिकामा डबा आहे. मला असं यंत्र हवंय की चौकोनावर काडी पडली की खऱ्या ढोलाचा आवाज निघावा. शेजारी खरा ढोल वाजत असला तरी कोणाला फरक कळू नये. ढोलाचं जाड अंग नको, उजव्या हाताची दांडी पडते ते. फक्त बारीक अंग हवं, डाव्या हाताच्या काडीचं.

मागच्या आठवड्यात राजकोटची पोरं लॅपटॉप घेऊन आली होती. कळ दाबली की गरब्याच्या हींचचा अख्खा ठेका आपोआप सुरू, वाजवणारा चहा प्यायला मोकळा. आपल्या मैदानाचे आयोजक किरीटभाई गालात मावा धरून बघत होते. जाताना बापुजींचं नाव घेऊन मला म्हणाले, “गोकळभाईंचा ढोल आहे तोवर मला हे नको. पण तोवरच हं, बेन.”

नवरात्र चौदा ऑक्टोबरला बसतंय. लवकर लिही. बापुजी मजेत आहेत. फईला यातलं काही सांगू नकोस.

जिज्ञा


अहमदाबाद, ९ ऑगस्ट

जिज्ञा,

तुझ्या ब्यूटी पार्लरच्या पत्त्याने पोस्टातल्या माणसाने मला दोनदा वरखाली पाहिलं. असो.

तुला हवं ते मिळतं, पण फसायला जागाही खूप आहेत. लॅपटॉपला पॅड जोडलं तर हजार आवाज ठेवता येतात. पण काडी पडते आणि आवाज पापणी लवेल एवढा मागून येतो. ऐकणाऱ्याला कळत नाही, वाजवणाऱ्याच्या हाताला कळतं. त्यात मैदानावरची धूळ, जनरेटरची वीज, आणि एकदा बंद पडला की पुन्हा उठायला त्याला दोन गरबे लागतात. दुसरा उपाय म्हणजे खऱ्या ढोलाच्या कडेला बसवायचा चिमटा. कातडं हललं की तो यंत्राला इशारा देतो. पण त्यासाठी बारीक अंगावर कोणीतरी मारावं लागतं, आणि मारणारा असेल तर यंत्र कशाला? तिसरं एक नवं पॅड निघालंय, त्यात आपण भरलेले आवाज त्याच्या स्वतःच्या पोटात राहतात. आवाज थोडेच मावतात, पण काडी पडताक्षणी बोलतं. माझं मत त्याला.

आता मी विचारतो. मामांसारखा डावा हात सौराष्ट्रात नाही हे तूच सांगत फिरतेस. मग बारीक अंग यंत्रातून कशाला? किरीटभाईंनी लॅपटॉप दाखवला आणि तुला मामा जुने वाटायला लागले का? आज डावा हात काढशील, पुढल्या वर्षी उजवा. मग त्यांना खुर्चीवर बसवून हार घाल. राग येऊ दे. मला आला म्हणून लिहिलं.

धीरेन


जामनगर, १७ ऑगस्ट

धीरेनभाई,

तुझं पत्र मी तृप्तीच्या दुकानात आरशासमोर बसून वाचलं. स्वतःचं तोंड बघत शिव्या खायची वेळ पहिल्यांदाच आली.

तू नको म्हणालास तरी परवा एका ओळखीच्या मुलाचा लॅपटॉप मागून आणून बघितला, कारण तुझं ते नवं पॅड इथे कोणाकडे नाही. बापुजी जाड अंगावर, मी पॅडवर. दोन आवर्तनं झाली आणि त्यांनी दांडी खाली ठेवली. म्हणाले, “हे दोन माणसं वाजवतायत. ढोल एकच माणूस वाजवतो.” मग दांडी भिंतीवर फेकली. उजव्या हाताने फेकली.

डाव्या हाताने त्यांना आता काही फेकता येत नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी दात घासताना ब्रश गळून पडला तो पडलाच. अर्धांग. बोलणं शाबूत आहे. पाय थोडा ओढत चालतात. हात खांद्यापासून लोंबतो. बारा दिवस दवाखान्यात होते. त्या दिवसांत फईचा फोन आला तेव्हा मी ‘बापुजी वांकानेरला लग्नात वाजवायला गेलेत’ असं सांगितलं. बापुजींनीच सांगायला लावलं. म्हणाले, “बेनला कळलं तर ती मला उचलून अमदावादला नेईल आणि मी तिथे बाल्कनीत मरेन.”

आता कळलं, कोणाचा हात काढला आणि कोणी काढला ते?

जिज्ञा


अहमदाबाद, २१ ऑगस्ट

जिज्ञा,

मी लिहिलं ते परत घेतो. पण यंत्र पाठवणार नाही.

तू नऊ रात्री त्यांना मैदानात बसवणार आहेस. तो गोंगाट, ते जागरण. डॉक्टर काय म्हणाले ते तू लिहिलं नाहीस. विचारलंच नसशील, मी ओळखतो तुला. तिथे त्यांना काही झालं, तर ज्या यंत्राने ते झालं ते मी निवडलेलं असेल, माझ्या हाताने बांधून पाठवलेलं असेल. मग मी पोटचा पोरगा म्हणून बाच्या समोर कसा उभा राहू? ती इथे शेजारच्या खोलीत त्यांच्या राखीसाठी रेशीम निवडत बसली आहे.

मला तिला सांगावं लागेल. तुझ्या उत्तराची वाट बघतो, त्याच्या पुढे नाही.

धीरेन


जामनगर, २६ ऑगस्ट

धीरेनभाई,

सांगायचं तर सांग. त्याआधी एवढं वाच.

दवाखान्यातून आल्यावर तीन आठवडे बापुजी बोलले नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून. आई असती तर तिने काहीतरी केलं असतं, मला काही सुचत नव्हतं. मग एके दिवशी ते खाटेच्या दांड्यावर उजव्या बोटांनी ठेका धरायला लागले. अर्धा ठेका. जाड अंगाच्या जागा भरलेल्या, बारीक अंगाच्या रिकाम्या. मी भाकरी थापत होते. मला ते सहन होईना. मी परातीच्या काठावर त्या रिकाम्या जागा भरल्या. त्यांनी ऐकलं आणि थांबले. दुसऱ्या दिवशी पुन्हा धरला, आणि मुद्दाम मध्येच चाल बदलली, मला पकडायला. मी सापडले नाही. त्या दिवशी त्यांनी जूननंतर पहिल्यांदा चहात साखर कमी आहे म्हणून आरडाओरडा केला.

हे माझं यंत्राचं वेड आहे असं तुला वाटलं. हे त्यांचं आहे. मी फक्त परात बदलायला निघाले आहे.

आणि खरं पुरतं सांगायचं तर माझंही आहे. मैदानावर बाई पॅड वाजवते हे लोक चालवून घेतात ते गोकळभाईंची मुलगी म्हणून. ते उठले की दुसऱ्या दिवशी मीही उठले.

डॉक्टर म्हणाले, प्रेशर चढू देऊ नका, रात्री लवकर झोपवा. ढोलाचं मी विचारलं नाही. विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते. घरी झोपवून ठेवलं तर माणूस वाचतो का, हेही मी विचारलं नाही.

राखीला फईला येऊ देऊ नकोस. पाऊस फार आहे म्हण.

जिज्ञा


अहमदाबाद, १४ सप्टेंबर

जिज्ञा,

जामनगरच्या लक्झरी बसने खोकं पाठवलंय. ड्रायव्हरच्या केबिनमध्ये आहे, सकाळी सहाला खंभाळिया नाक्यावर उतरवून घे. खोक्यावर ‘मिक्सर’ लिहिलंय. बाला मी काही बोललो नाही. मला भाकरी गोड लागत नाही एवढंच.

हे मी म्हणालो होतो तेच पॅड. आता आवाजाचं सांगतो. बाजारात ढोलाचे आवाज तयार मिळतात, सगळे ऐकले. एकही आपल्या घरचा नाही. मामांच्या जुन्या कॅसेटमध्ये दोन्ही अंगं एकत्र मिसळलेली, वेगळी काढता येत नाहीत. शेवटी मामांनी मला लहानपणी शिकायला दिलेला ढोल माळ्यावरून काढला, बारीक अंगाला नवं कातडं चढवलं आणि रविवारी बाजार बंद असताना दुकानात बसून स्वतः वाजवला. फक्त डावा हात. सोळा वर्षांनी. पहिल्या तासाला मनगट लाकडासारखं झालं होतं. मग हळूहळू त्यांनी शिकवलेलं हाताला आठवलं. हलकी थाप, भारी थाप, काठावरची, दाबून मारलेली, असे सहा आवाज भरलेत, प्रत्येक वेगळ्या चौकोनात.

दोन चौकोन मोकळे ठेवलेत. त्यात मामांचा उजवा हात भरून ठेव. तालमीच्या वेळी माइक लावून, त्यांच्या नकळत. ते मध्येच थांबले तर मैदान थांबता कामा नये. पळत्या रिंगणात ठेका तुटला तर पुढचा थांबतो आणि मागचा त्याच्यावर आदळतो, हे तुला सांगायला नको.

वीज गेली तर पॅड दहा अंक मोजेपर्यंत पुन्हा उठतं. आणि माझी एक अट. त्यांचा हात थरथरला की त्याच क्षणी बस. दुसऱ्या थरथरीची वाट बघायची नाही.

धीरेन


जामनगर, २७ सप्टेंबर

धीरेनभाई,

पॅड पोचलं. बापुजींना मी काही न सांगता पहिला चौकोन वाजवून दाखवला. त्यांनी मान वाकडी केली. पुन्हा वाजवायला लावलं. म्हणाले, “हा धीरियाचा हात आहे.” मग म्हणाले, “कातडं फार ताणलंय त्याने.”

पण तालमीत वेगळीच आफत झाली. बापुजींनी जाड अंगावर जोरात दांडी मारली की माझं पॅड आपोआप बोलायचं. मी हात वर धरलेला आणि आवाज येतोय. भूत लागल्यासारखं. स्टेजच्या फळ्या हादरतात, स्टँड हादरतो आणि पॅडला वाटतं कोणी मारलं. तू सांगून ठेवलेलं ते बटण फिरवून पॅड जरा बहिरं केलं, तर माझी हलकी थापही त्याला ऐकू येईना. चार दिवस हाच खेळ. शेवटी बापुजींनीच स्टेजच्या दोन फळ्या काढायला लावल्या. आता माझा स्टँड त्या भोकातून खाली जमिनीवर उभा आहे, विटांवर, स्टेजला कुठेच न चिकटता. भूत गेलं.

काल किरीटभाई अचानक तालमीला आले. आम्ही ढोल स्टँडवर ठेवतो, बापुजी खुर्चीवर, डावा हात ढोलावर शालीखाली. किरीटभाईंनी मावा चघळत सगळं ऐकलं. बापुजींच्या खांद्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. म्हणाले, “आवाज तोच आहे.” आणि गेले. त्यांना कळलं की नाही, मला कळलं नाही.

मोकळ्या चौकोनांचं विसर. जिवंत माणसाचा हात त्याच्या नकळत काढून डबीत ठेवायचा? मी नाही भरणार.

जिज्ञा


अहमदाबाद, ता. ८

जिज्ञा,

हे धीरेनचं पत्र नाही, तुझ्या फईचं आहे. सातवीपर्यंत शिकले आहे, लिहिता येतं.

मला सगळं समजलं. धीरियाने आपणहून सांगितलं नाही. पण मी ढोलाच्या घरात जन्मले. सोळा वर्षं ढोलाला हात न लावलेला पोरगा रविवारी दुकानात जातो, मी डबा घेऊन जाते तर शटरच्या आत नुसता डावा हात वाजतोय. एका हाताने कोण वाजवतं? दुसऱ्या कोणाची जागा भरायची असते तो. मी तिथेच पायरीवर बसले. मग रोज वाट बघितली की आज सांगेल, उद्या सांगेल. काल मीच विचारलं. ढसाढसा रडला.

भावाला अर्धांग झालं आणि सख्ख्या बहिणीला पाहुण्यासारखं सगळ्यांच्या मागून कळतं. राखी पोस्टाने पाठवायला लावलीस. त्याला ती कोणी बांधली? तूच ना? बांधताना हात कापला नाही तुझा?

मी मंगळवारी येते. गोकळला घरी आणणार. तुझ्याशी मला बोलायचं नाही, म्हणून आत्ताच लिहून टाकलं.

रळियात


जामनगर, २५ ऑक्टोबर

धीरेनभाई,

आधी तुला हवं ते सांगते. बापुजी ठीक आहेत. प्रेशर चढलं होतं, एक दिवस दवाखान्यात ठेवलं, आता घरी आहेत. फई त्यांना अजून नेत नाही, स्वतःच राहिली आहे. नवव्या रात्री मी एकटीने वाजवलं. किरीटभाईंनी पुढल्या वर्षाचं विचारलंय. मी अजून हो म्हटलेलं नाही.

आता आठव्या रात्रीचं.

फई मंगळवारी आली ती बॅग न उघडता बापुजींसमोर बसली. दोघं भावंडं अर्धा दिवस भांडली. शेवटी ती म्हणाली, “हात थरथरला की मी दांडी काढून घेणार.” बापुजी म्हणाले, “घे. पण थरथरल्यावर. आधी नाही.” पहिल्या रात्रीपासून ती स्टेजमागे खुर्ची टाकून बसली. तिची नजर बापुजींच्या उजव्या हातावर आणि माझी त्यांच्या खांद्यावर, कारण दांडी कधी पडणार ते मला खांद्यावरूनच कळतं. माझ्याशी एक शब्द नाही. डब्यातले थेपले मात्र माझ्या बाजूला सरकवायची.

तिसऱ्या रात्री जनरेटर अडखळला. स्पीकर बॅटरीवर होते ते चालू राहिले, पण माझं पॅड अंधारलं. तू सांगितलेले दहा अंक मी मोजायला लागले. बापुजी एकटे जाड अंगावर, बारीक अंगाच्या जागा उघड्या. पायांचा आवाज डगमगायला लागला. मग रिंगणातल्या बायकांच्या टाळ्या त्या उघड्या जागांवर पडू लागल्या. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. दहाला पॅड पेटलं आणि मी आत शिरले.

गरबा संपल्यावर किरीटभाई स्टेजवर आले. काही न विचारता शाल उचलली आणि बापुजींच्या हाताकडे बघत राहिले.

“कधीपासून?”

“जूनपासून,” बापुजी म्हणाले.

“मला सांगितलं नाहीत.”

“सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?”

किरीटभाईंनी शाल पुन्हा नीट घातली. म्हणाले, “राजकोटच्या पोरांचा नंबर माझ्या खिशात आहे, गोकळभाई. उद्याचा दिवस बघतो.” मग रोज रात्री तेच. उद्याचा दिवस बघतो. रोज संध्याकाळी मैदानात शिरताना मी आधी बघायची की स्टेजवर लॅपटॉप तर नाही ना.

अष्टमीला गर्दी दुप्पट होती. पाचवा गरबा, हींच चढत्या लयीत, आणि मला बापुजींचा खांदा आधी दिसला. दांडी पडायच्या आधी तो उचकला. ठोका जागेवर पडला, पण बोथट. पुढचाही. माझ्यामागे फईची खुर्ची सरकल्याचं मला जाणवलं. ती आली आणि बापुजींसमोर तळहात पसरला. मला वाटलं ते तिला झिडकारतील. त्यांनी एक ठोका पुरा केला आणि दांडी तिच्या हातात ठेवली.

समोर हजारो माणसं पळत्या पावलांनी फिरत होती.

धीरेनभाई, मी तुला खोटं लिहिलं होतं. चौकोन मी भरले होते. पत्र टाकून आले आणि त्याच संध्याकाळी भरले. ते तालीम करत होते, मी माइक लावला, त्यांनी ‘कशाला’ विचारलं, मी म्हणाले, ‘आवाज तपासतेय.’ रात्री खूप रडले.

मी सातव्या चौकोनावर मारलं. अख्ख्या मैदानावर त्यांचा उजवा हात वाजला. भरीव, मोठा, जूनच्या आधीसारखा. तेव्हा ते फईच्या खांद्यावर भार टाकून स्टेजच्या पायऱ्या उतरत होते. मधल्या पायरीवर थांबले. वळून माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत काय होतं ते मला सांगता येणार नाही, कारण मला ताल सोडून बघत बसायला सवड नव्हती. दोन्ही अंगं आता माझ्याकडे होती.

मला वाटलं फई त्यांना रिक्षाकडे नेईल. ती नेतही होती. पण रिंगणाच्या काठाशी ते अडून उभे राहिले. आयुष्यभर त्यांनी गरबा वरून बघितला, कधी खेळले नाहीत. वाजवणाऱ्याला कसलं खेळणं. त्यांनी उजवा हात वर केला, टाळी द्यायला, आणि तो तसाच हवेत राहिला. दुसरा हात कुठे होता? फईने दांडी कमरेला खोचली आणि आपला तळहात त्यांच्यासमोर धरला. त्यांनी त्यावर टाळी दिली.

मग दोघं रिंगणात शिरली. एक पाऊल, एक ओढलेलं पाऊल, टाळी. लोक त्यांना वळसा घालून पुढे जात होते, कोणी धक्का लावला नाही. किरीटभाई कडेला उभे होते. त्यांनी तोंडातला मावा थुंकून टाकला आणि कोणाला तरी हाताने रस्ता करायला सांगितलं.

अर्धी फेरी झाल्यावर बापुजींनी माझ्याकडे मान वळवली आणि बोट वर करून दोनदा फिरवलं. म्हणजे, लय चढव. स्टेजवर त्यांनी ही खूण केली आणि मी ऐकली नाही असं आजवर कधी झालेलं नाही.

मी चढवली नाही. फईचे गुडघे दुखतात.

तुझी,
जिज्ञा